उत्तर कोंकणच्या शिलाहार राजकुलाची वंशावळ आणि उत्तराधिकाराचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात मध्ययुगीन राजवंशांचा विषय निघाला की आपल्यासमोर बहुधा युरोपातील राजघराणी येतात. फ्रान्सच्या कापेत वंशाचे उदाहरण तर हमखास दिले जाते. इ.स. 987 मध्ये ह्यू कापेत राजपदी आला आणि त्यानंतर 1316 पर्यंत, म्हणजे सव्वातीनशेहून अधिक वर्षे, त्या घराण्यात गादी पित्याकडून पुत्राकडे अखंड चालत राहिली. आपल्या हयातीतच ज्येष्ठ पुत्राचा राज्याभिषेक उरकून घेण्याची पद्धत पहिल्या कापेत राजांनी पाळली, आणि या सातत्यास ती बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली. 1316 मध्ये दहावा लुई वारला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र अवघे पाच दिवस जगला. तेथून पुढे बारा वर्षांत तिन्ही भावांचा वंश पुरुषवारसाअभावी खुंटला आणि 1328 मध्ये गादी व्हालुआ शाखेकडे गेली. स्त्रीला व स्त्रीमार्गे येणाऱ्या वारसास राजपद नाही, हा नियम त्या प्रसंगातून पक्का झाला आणि पुढील शतवार्षिक युद्धाचे एक कारणही तोच ठरला.

ह्यू कापेत गादीवर आल्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, शके 919 मध्ये (इ.स. 997), ठाण्याच्या शिलाहार अपराजिताने भादाणे हे गाव लोणादित्य नामक देवास दान दिले. तो ताम्रपट भिवंडीच्या उत्तरेस सुमारे दहा मैलांवरील भेरे येथे सापडला. भादाणे आजही भिवंडी तालुक्यात आहे, आणि लोणादित्याचे स्थान म्हणून ताम्रपटात सांगितलेले लवणेतट म्हणजे याच तालुक्यातील लोनाड होय. दिघाशी, भादाणे, लोनाड, चौधरपाडा या टापूत वावरणाऱ्या अध्यापकाला मध्ययुगीन राजवंशाचा उत्तराधिकार शिकविण्यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. साधने येथल्या मातीतूनच निघालेली आहेत. मात्र ती साधने सरळ बोलत नाहीत. त्यांत काही राजे गाळलेले आहेत, काहींचे नाते सांगितलेले नाही आणि काहींचा काळ एका अंकाच्या वाचनावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

साधनांचे स्वरूप

शिलाहारांची तीन घराणी होती. दक्षिण कोंकणातील शाखेची माहिती मुख्यतः रट्टराजाच्या शके 930 (इ.स. 1008) च्या खारेपाटण ताम्रपटातून मिळते, इ.स. 1024 च्या सुमारास चालुक्य जयसिंहाने तो प्रदेश जिंकला. कोल्हापूरची शाखा दुसऱ्या भोजाच्या पराभवानंतर, तेराव्या शतकाच्या आरंभी, यादव सिंघणाने संपविली. तिसरी व सर्वांत दीर्घकाळ टिकलेली शाखा उत्तर कोंकणची. नवव्या शतकाच्या आरंभापासून 1265 च्या सुमारापर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षांहून अधिक, ती राज्य करीत होती. नागांच्या रक्षणासाठी गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा विद्याधर जीमूतवाहन हा आपला मूळपुरुष असे हे राजे सांगत. त्यांच्या ध्वजावर व मुद्रेवर गरुड असे आणि ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद ते मिरवीत. तगर म्हणजे आजचे तेर. कोंकणच्या राजांनी उस्मानाबादकडील, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील, नगराचे स्वामित्व मिरवावे हे वरवर विचित्र वाटते. परंतु बिरुद हे घराण्याच्या मूळ स्थानाचे स्मरण असते, राज्याच्या हद्दीचा पुरावा नसते.

या घराण्याच्या लेखांचे संपादन अनेकांनी केले. त्यांपैकी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलेला संग्रह आजही मूलाधार मानला जातो. सोयीसाठी या साधनांचे दोन प्रकार करता येतात. ताम्रपटात प्रथम मंगल, मग मूळपुरुष, मग पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ, दात्या राजाची बिरुदे, अमात्यांची नावे, दानभूमीच्या चतुःसीमा आणि शेवटी शापवचने असा विस्तृत क्रम असतो. शिलालेख त्या मानाने त्रोटक असतो. तो शेताच्या बांधावर किंवा देवळाजवळ उभा करावयाचा असल्याने तिथी, राजाचे नाव, दान आणि गाढवाच्या चित्रासह शाप एवढ्यावर काम भागे. अशा दगडांना आपण गद्धेगळ म्हणतो. हा फरक क्षुल्लक वाटला तरी वंशावळीच्या दृष्टीने तो निर्णायक आहे, कारण ताम्रपट मिळतात तोवरच आपणांस ‘कोणाचा कोण’ हे कळते. इ.स. 1139 नंतर या घराण्याचे उपलब्ध लेख प्रायः दगडावरचे आहेत, आणि नेमके तेथूनच राजांची परस्पर नाती अंधुक होतात.

पहिल्या सोळा राजांचा क्रम

घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष पहिला कपर्दी. राष्ट्रकूटांच्या कृपेने त्याला पुरीप्रमुख कोंकण मिळाले. ही पुरी कोणती याविषयी एकमत नाही. घारापुरीपासून जंजिऱ्याजवळील राजपुरीपर्यंत अनेक स्थळे सुचविली गेली आहेत. त्याचा पुत्र पुलशक्ती व पौत्र दुसरा कपर्दी यांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत: शके 765, 775 आणि 799 (इ.स. 843, 853 व 877). तिन्ही लेखांत सार्वभौम राजा म्हणून राष्ट्रकूट अमोघवर्षाचा उल्लेख आहे. शैव राजांच्या मांडलिक सत्तेतील हे उल्लेख बौद्ध विहारांत जपले गेले, ही गोष्ट त्या काळाच्या धर्मजीवनाविषयी बरेच काही सांगून जाते. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

दुसऱ्या कपर्दीनंतर त्याचा पुत्र वप्पुवन्न आणि त्याच्यानंतर त्याचा पुत्र झंझ गादीवर आला. झंझ हा या घराण्यातील पहिला राजा, ज्याची साक्ष परदेशी प्रवाशाकडून मिळते. अरब लेखक अल्‌ मसूदी हिजरी 304 मध्ये (इ.स. 916) चौलला होता आणि तेथील राजाचे नाव त्याने झंझ असेच दिले आहे. या राजाने स्वतःच्या नावाने बारा शिवालये बांधली असे वंशावळीत म्हटले आहे. झंझानंतर पुत्र नव्हे, तर त्याचा भाऊ गोग्गी राजा झाला. येथे एक कालविषयक अडचण उद्भवते. सेऊणदेशच्या यादवांच्या लेखांत दुसऱ्या भिल्लमाची राणी झंझराजाची कन्या असल्याचे सांगितले आहे. भिल्लमाचा संगमनेर ताम्रपट शके 922 (इ.स. 1000) चा आहे. मसूदीने पाहिलेला झंझ आणि भिल्लमाचा सासरा झंझ एकच मानले, तर दोन उल्लेखांत चौऱ्यांशी वर्षांचे अंतर पडते. म्हणून हा झंझ दुसरा कोणी असावा असे काही अभ्यासकांना वाटते. मला हे मत अधिक ग्राह्य वाटते. नामसाम्यावरून एकात्मता गृहीत धरण्याचा मोह वंशावळीच्या अभ्यासात सर्वांत घातक ठरतो.

गोग्गीनंतर त्याचा पुत्र पहिला वज्जड. वज्जडानंतर त्याचा पुत्र अपराजित, असे सर्व उत्तरकालीन ताम्रपट एकमुखाने सांगतात. बराच काळ इतिहासकारांनीही तेच सांगितले. परंतु मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) एका ताम्रपटाने या साखळीत एक नवा दुवा घातला. तो छद्वैदेव नावाच्या शिलाहार राजाचा आहे. हा छद्वैदेव पहिल्या वज्जडाचा भाऊ. त्याचा सार्वभौम राष्ट्रकूट तिसरा कृष्ण, म्हणजे काळ दहाव्या शतकाचे तिसरे पाद. त्याने राज्य केले, दान दिले, दानपत्र कोरविले. आणि तरीही त्याच्यानंतर लिहिलेल्या एकाही वंशावळीत त्याचे नाव नाही.

या मौनाचा अर्थ काय? वज्जड वारला तेव्हा अपराजित अल्पवयीन असावा, काकाने राज्य हाती घेतले असावे, आणि पुढे अपराजिताने गादी मिळविल्यावर त्या काकाला वंशावळीतून वगळले असावे, हे मिराशींचे अनुमान सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. ते अनुमान आहे हे विसरता कामा नये. परंतु त्यास आधार देणारी एक बाब आहे. ज्या भावांचे राज्य पुढच्या पिढ्यांना मान्य होते त्यांची नावे वंशावळीत टिकलेली आहेत. झंझ निपुत्रिक असो वा नसो, गोग्गीच्या वंशजांनी त्याला गाळले नाही. म्हणजे ‘वंशावळीत केवळ थेट पूर्वजच द्यावयाचे’ असा या राजसभेचा नियम नव्हता. नियम नसताना नाव गळले, तर ते गाळले गेले असे म्हणणे भाग पडते. दानपत्राचा मसुदा राजाच्या कार्यालयात तयार होई आणि वंशवर्णनाचे श्लोक मागील दानपत्रावरून उतरवून त्यांत नव्या राजाची भर घातली जाई. त्यामुळे एकदा गाळलेले नाव पुढे कोणी मुद्दाम न गाळताही दीडशे वर्षे गळत राहिले. छद्वैदेवाचा एक ताम्रपट सुदैवाने हाती आला नसता तर हा राजा इतिहासात नव्हताच असे आपण निर्वेधपणे शिकविले असते.

अपराजिताच्या कारकिर्दीत राष्ट्रकूट सत्ता लयास गेली. इ.स. 973 मध्ये चालुक्य तैलपाने कक्कलाचा पराभव केला. अपराजिताने नव्या सत्तेस मान दिला नाही. वर उल्लेखिलेल्या 997 च्या ताम्रपटात त्याने आपल्या वंशाआधी राष्ट्रकूटांची संपूर्ण वंशावळ दिली आहे आणि त्यांच्या नाशाविषयी खंत नोंदविली आहे. स्वामी जाऊन चोवीस वर्षे झाली, तरी त्याचा वंश सांगून मग स्वतःचा सांगावयाचा! यात निष्ठा किती व राजकारण किती हे ठरविणे कठीण. तैलपाचे मांडलिकत्व नाकारावयाचे तर गतकाळच्या स्वामीचे स्मरण हा सर्वांत सोयीचा मार्ग होता, इतके मात्र खरे.

अपराजितानंतर त्याचा ज्येष्ठ पुत्र दुसरा वज्जड आणि त्याच्यानंतर वज्जडाचा धाकटा भाऊ अरिकेसरी राजा झाला. अरिकेसरीचा शके 939 (इ.स. 1017) चा ठाणे ताम्रपट 1787 मध्ये सापडला व ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला; भारतीय ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासाच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. दुसऱ्या वज्जडाला पुत्र नव्हते असे नाही. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी असे तीन पुत्र होते आणि तिघेही पुढे क्रमाने राजे झाले. म्हणजे एका पिढीपूर्वीचाच प्रसंग पुन्हा घडला: थोरल्या भावाचे पुत्र असताना धाकटा भाऊ गादीवर आणि त्याच्यानंतर गादी पुन्हा थोरल्याच्या पुत्राकडे. फरक इतकाच की अरिकेसरीचे नाव वंशावळीतून गेले नाही. छित्तराजाने आपल्या काकाला मान्यता दिली. हे सामोपचाराने घडले की काकाला तोलामोलाचे पाठीराखे होते, हे सांगण्यास साधन नाही. माळव्याच्या परमार भोजाने इ.स. 1020 मध्ये कोंकणविजयाच्या निमित्ताने दान दिल्याचा बांसवाडा ताम्रपट उपलब्ध आहे. परचक्राच्या त्या दिवसांत गादीवर कर्ता पुरुष असणे सर्वांनाच सोयीचे वाटले असावे.

छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके 948 (इ.स. 1026) चा, नागार्जुनाचा ठाणे ताम्रपट शके 961 (इ.स. 1039) चा, आणि मुम्मुणीच्या काळचा अंबरनाथ शिवालयातील लेख शके 982 (इ.स. 1060) चा. तीन सख्ख्या भावांच्या या क्रमास एक वाङ्मयीन साक्षही आहे. ‘उदयसुंदरीकथा’ या चंपूकाव्याचा कर्ता सोड्ढल याला या तिघांचाही आश्रय लाभला होता व त्याने तसे नमूद केले आहे. राजकवीची साक्ष स्तुतिपर असते. परंतु कोणाच्या मागून कोण आला याविषयी आश्रित सहसा चुकत नाही.

येथवरचा, आणि पुढील दोन राजांसह पहिल्या अपरादित्यापर्यंतचा, हिशेब मांडला तर सोळा राजे व पंधरा सत्तांतरे होतात. त्यांपैकी सात वेळा गादी पित्याकडून पुत्राकडे गेली, पाच वेळा भावाकडून भावाकडे, आणि तीन वेळा काकाकडून पुतण्याकडे. तिन्ही वेळी तो पुतण्या थोरल्या भावाचाच पुत्र होता: छद्वैदेवानंतर अपराजित, अरिकेसरीनंतर छित्तराज, मुम्मुणीनंतर अनंतदेव. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा पितापुत्रक्रम मोडला. कापेत घराण्याने याच शतकांत एकदाही न मोडलेला क्रम येथे सर्रास मोडतो. परंतु तो मनमानीने मोडत नाही. भावांना संधी मिळते, मात्र ज्येष्ठाच्या वंशाचा हक्क बुडत नाही, अशी एक अलिखित वहिवाट या आकड्यांमागे दिसते. अशा वहिवाटीत राज्य बालराजाच्या हाती जात नाही हा लाभ. तोटा असा की प्रत्येक पिढीत दोन दावेदार उभे राहतात.

दायादवैर

तो तोटा मुम्मुणीनंतर प्रत्यक्षात आला. नागार्जुनाचा पुत्र पहिला अनंतदेव याच्या शके 1016 (इ.स. 1094) च्या खारेपाटण ताम्रपटात असा आशय आहे की, दायादांच्या वैरामुळे ओढवलेल्या संकटकाळी सत्ता बळकावून ज्यांनी कोंकणभूमी उद्ध्वस्त केली व देवाब्राह्मणांना पीडा दिली, त्यांचा अनंतदेवाने खड्गाने नाश केला. ‘दायाद’ म्हणजे वारसाहक्कातील वाटेकरी. आपल्या बोलीत सांगावयाचे तर भाऊबंद. राजकुलाच्या अधिकृत दानपत्रात घरातील भाऊबंदकीची अशी कबुली क्वचितच आढळते. दायाद कोण ते ताम्रपट सांगत नाही. मुम्मुणीचे पुत्र असतील, छित्तराजाचे असतील. एवढे मात्र निश्चित की घरातील भांडणात बाहेरचा शिरला, आणि तो गोव्याचा कदंब असण्याचा संभव मोठा आहे. या दोन घराण्यांत सोयरीक होती. मुम्मुणीने आपली कन्या कदंब राजास दिल्याचे वर्णन नरेंद्र येथील कदंबांच्या लेखात आहे. जावयाच्या घराण्याने सासऱ्याच्या राज्यावर डोळा ठेवावा यात नवल नाही. कदंबांच्या लेखांत उत्तर कोंकणास ‘कवडीद्वीप’ म्हटले आहे. पहिल्या कपर्दीच्या नावावरून पडलेले ‘कपर्दिकाद्वीप’ हेच त्याचे मूळ रूप. संस्कृतात कपर्दिका म्हणजे कवडी, त्यामुळे राजाच्या नावाची कवडी झाली.

याच खारेपाटण ताम्रपटात अनंतदेवाने आपल्या दोन अमात्यबंधूंच्या गलबतांस ठाणे, नागाव, सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ केल्याचे सांगितले आहे. हे दोघे श्रेष्ठी, म्हणजे व्यापारी पेशाचे होते. दायादवैराच्या काळात राजाच्या पाठीशी पैसा कोणाचा उभा राहिला असेल, याचा तर्क या सवलतीवरून वाचकांनी करावा.

संकट तेवढ्यावर टळले नाही. 1125 च्या नरेंद्र लेखात गोव्याचा दुसरा जयकेशी कवडीद्वीपाचा स्वामी म्हणून येतो. अवघ्या दोन वर्षांनी, शके 1049 (इ.स. 1127) च्या वडवली ताम्रपटात अनंतदेवाचा पुत्र पहिला अपरादित्य सांगतो की छित्तुक्क नावाच्या असुराने राज्य व्यापिले, मांडलिक उलटले, खजिना गेला, तेव्हा तो केवळ घोडा व आपले बाहुबल घेऊन लढला. हा असुर जयकेशीचा सेनापती असावा. कोल्हापूरच्या शिलाहार विजयादित्याने ठाण्याच्या पदच्युत राजास पुन्हा स्थापिले असे त्या शाखेचे लेख सांगतात, आणि तो प्रसंग बहुधा हाच. संकटात दूरची शाखा धावून आली. जवळचे दायाद वैरी ठरले असताना तीनशे वर्षांपूर्वी विभक्त झालेले नाते कामास यावे, हे लक्षणीय आहे.

या अपरादित्याचे नाव आणखी एका कारणाने अजरामर झाले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही विस्तृत टीका त्याच्या नावावर आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती 1903–04 मध्ये छापली. टीकाकार पहिला अपरादित्य की दुसरा, हा वाद होता, म. म. पां. वा. काणे यांनी पहिल्याच्या बाजूने कौल दिला. मंख कवीच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात कोंकणनरेश अपरादित्याचा दूत तेजकंठ काश्मिरातील पंडितसभेत उपस्थित असल्याचा उल्लेख आहे, आणि ही टीकाही काश्मिरात मान्य झाली, हे दोन धागे एकमेकांस पूरक आहेत. स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दायविभाग, म्हणजे वारसा व वाटणी, हे एक प्रमुख प्रकरण आहे. ज्याच्या पित्याने दायादांच्या वैराने राज्य उद्ध्वस्त झाल्याचे ताम्रपटात कोरविले, त्याच्या नावाने दायविभागावरील भाष्य प्रसिद्ध व्हावे! प्रत्यक्ष लेखन राजाचे की त्याच्या पंडितांचे हा प्रश्न येथे गौण आहे. प्रश्न राजसभेत जिवंत होता, इतके पुरे. (बंगालात प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘दायभाग’ ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन आणि शिलाहारांचा पौराणिक मूळपुरुष जीमूतवाहन यांचा परस्परसंबंध नाही, विद्यार्थी येथे गोंधळतात.) त्या काळात हा प्रश्न केवळ ठाण्याचा नव्हता. कल्याणीच्या चालुक्यांकडे सहाव्या विक्रमादित्याने 1076 मध्ये थोरल्या भावास पदच्युत करून गादी घेतली, बिल्हणाने त्याच्या समर्थनार्थ महाकाव्य रचले, आणि त्याच राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली.

अपरादित्याने आपला पुत्र विक्रमादित्य याला प्रणाल, म्हणजे दापोली तालुक्यातील पन्हाळे, येथे नेमले होते. विक्रमादित्याचा शके 1061 (इ.स. 1139) चा ताम्रपट उपलब्ध आहे. दक्षिणेकडे एका पुत्रास अधिकार देऊन घरातील स्पर्धा आधीच विभागून टाकण्याचा हा प्रयत्न असावा, असे मला वाटते.

नात्यांचा अंधार

पन्हाळे ताम्रपटानंतर उलगडा संपतो. हरिपालदेवाचे लेख 1148 ते 1153 या काळातील आहेत, पण तो अपरादित्याचा कोण हे ते सांगत नाहीत. मल्लिकार्जुनाचे लेख 1156 व 1161 चे, तेथेही तेच. मल्लिकार्जुनाच्या अंताची हकीकत मात्र गुजराती जैन ग्रंथांनी जपली. भाटाने त्याचे ‘राजपितामह’ हे बिरुद गायिल्याने चिडलेल्या चौलुक्य कुमारपालाने सेनापती आंबड यास पाठविले, पहिल्या स्वारीत आंबड हरला व दुसऱ्या स्वारीत त्याने मल्लिकार्जुनास मारले, अशी कथा ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. ‘पृथ्वीराजविजय’ काव्य हेच श्रेय चाहमान सोमेश्वराला देते. मृत्यूचे दोन दावेदार आहेत, जन्माची नोंद एकही नाही.

त्यानंतरचा दुसरा अपरादित्य प्रबळ निघाला. मांडलिकपणाची भाषा टाकून तो स्वतःस ‘महाराजाधिराज’ व ‘कोंकणचक्रवर्ती’ म्हणवू लागला. त्याच्या लेखांपैकी शके 1106 (इ.स. 1184) चा लेख लोनाडचा आहे. 1187 चा परळचा लेख मराठी शापवचनामुळे भाषाभ्यासकांस परिचित आहे. मल्लिकार्जुनाशी त्याचे नाते लेखांत नाही. पुढे दुसरा अनंतदेव, मग दुसरा केशिदेव. केशिदेवाचा शके 1161 (इ.स. 1239–40) चा लेख लोनाडजवळच्या चौधरपाड्याचा असून त्यात तो अपरार्काचा पुत्र असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. शंभर वर्षांच्या मौनात पितापुत्रनात्याचा हा उल्लेख मोलाचा आहे. 1139 पासून राज्याच्या अखेरीपर्यंत झालेल्या राजांपैकी इतक्या स्पष्टपणे पित्याचे नाव क्वचितच कोणाचे मिळते, आणि हा दगड भिवंडी तालुक्यातला आहे. तो वाचला गेला नसता, अथवा गद्धेगळांपैकी कित्येकांच्या वाट्याला येते त्याप्रमाणे बांधकामात चिणला गेला असता, तर केशिदेवही हरिपाल व मल्लिकार्जुनाप्रमाणे अनाथ राहिला असता.

दगडी लेखांच्या वाचनातील धोकेही येथे नमूद केले पाहिजेत. अंबरनाथ लेखातील वर्ष प्रारंभी 782 असे वाचले गेले होते. ते 982 असल्याचे नंतर सिद्ध झाले. एका अंकाने मुम्मुणी दोनशे वर्षे मागे, घराण्याच्या ज्ञात आरंभाच्याही जवळपास, जाऊन पडत होता. अलिबागजवळील आक्षी येथील मराठी शिलालेखात केसीदेवरायाचा उल्लेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके 934 (इ.स. 1012) चा, मग हा केसीदेव म्हणजे अरिकेसरी, आणि तो 1012 पूर्वीच गादीवर होता असे ठरते. काही अभ्यासक हा लेख त्याच नावाच्या उत्तरकालीन राजाचा मानतात. मराठीचा आद्य शिलालेख कोणता या प्रश्नाभोवतीच ही चर्चा बहुधा फिरते. परंतु दुसऱ्या वज्जडाने किती वर्षे राज्य केले आणि काकाने गादी कधी घेतली, हेही त्याच अंकांवर अवलंबून आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

केशिदेवानंतर तिसरा अनंतदेव आणि शेवटी सोमेश्वर. सोमेश्वराचे रानवड व चांजे येथील लेख शके 1181 व 1182 (इ.स. 1259 व 1260) चे, दोन्ही गावे उरणच्या बाजूची. यादव महादेवाने हत्तीदळासह कोंकणावर स्वारी केली. जमिनीवर पराभूत झालेला सोमेश्वर गलबतात बसून समुद्रात गेला आणि तेथेच बुडाला. महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा त्याला समुद्रातील वडवानल बरा वाटला, अशी कल्पना हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर कोरलेले नौकायुद्ध याच प्रसंगाचे असल्याचे काहींनी सुचविले आहे. शैलीवरून त्यांचा काळ याहून आधीचा मानणारेही आहेत. सोमेश्वर कोणाचा पुत्र, त्याला वारस होता की नव्हता, हे त्याचे लेख सांगत नाहीत. शेलार हे आडनाव परंपरेने शिलाहारांशी जोडले जाते. शके 1194 (इ.स. 1272) च्या ठाणे ताम्रपटात या प्रदेशाचा अधिकारी म्हणून अच्युत नायकाचे नाव आहे, आणि त्यात दिलेली वंशावळ यादवांची आहे.